उपाशी या, असं मीच सांगितलं

फोन करायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाळ लहान, मला घराबाहेर पडता येत नाही. इथं आखातात, हमरियात आमच्या बिल्डिंगखालच्या हॉलमध्ये शुक्रवारी रक्तदान ठरलं होतं. आमच्या कोकणी लोकांच्या मंडळाच्या आपा म्हणाल्या, वेळ सांग, जागा सांग, बस. मी वर माझ्या मनाने सांगितलं, उपाशी या. पोटुशी होते तेव्हा साखरेसाठी रक्त घ्यायचे ते उपाशीच, मला वाटलं हेपण तसंच. सातवीपर्यंत शिकलेली मी, कुणाला विचारायची लाज वाटली.

आणि मला तर हे रक्तदान व्हायलाच पाहिजे होतं. बाळ झालं तेव्हा दोन पिशव्या रक्त चढवलं म्हणून मी वाचले. कुणाचं ते माहीत नाही. आईला व्हिसा मिळाला नव्हता, ती नाही आली, ते रक्त आलं.

शुक्रवारी सकाळी अठरा माणसं आली, सगळी आमच्या कोकणातली, कुणी चहासुद्धा घेतलेला नाही. नर्स बोलली, "खाली पेट आने को किसने बोला?" आता खाऊन तासभर थांबायचं आणि जुम्याच्या नमाजाआधी रक्तपेढीचे लोक निघणार. बाळ आपांच्या कडेवर दिलं नि वर धावले, तांदळाचं पीठ कालवलं, दोन तव्यांवर घावणे टाकत सुटले.

"भाभी, रोजा धरायला लावलात, आता इफ्तारी सकाळी नऊला," एकजण बोलला. सगळे हसले. मला रडूच येत होतं.

तिकडं लांब रुस्ताक गावात दुकानात काम करणारे एक चाचा होते, पहाटे निघून सगळ्यांच्या आधी आलेले. घावणा खाताना त्यांनी विचारलं, "कोणाची गो तू?"

इथं सगळे विचारतात नवरा कुठं कामाला. मी अब्बांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"म्हणजे जेटीच्या वरची वाडी. आई हाय ना?"

"आहे. तीन वर्षं बघितली नाही."

ते काहीतरी सांगणार तेवढ्यात त्यांच्या अर्बाबचा, मालकाचा फोन आला, दुकान उघड, आत्ताच्या आत्ता. तास भरला नव्हता, नर्स घेईना. चाचा तसेच गेले.

सतरा जणांनी दिलं. मी नर्सला बोलले, त्यांच्या बदली माझं घ्या. तिनं बाळाकडे बघितलं, "दूध पिलाती हो ना? नहीं."

मी उपाशी या म्हटलं नसतं, तर पहिला नंबर चाचांचाच होता. देऊन गेले असते. मग मला कोणाची म्हणून कुणी विचारलंही नसतं.