नुसता उभा राहणारा माणूस

दौंडच्या स्टेशनवर मला गाडीत बसवून दिल्यावर आबांनी खिडकीतून एक पुडकं आत दिलं. मला वाटलं, शेंगदाण्याचे लाडू असतील. सोडून बघितलं तर टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलेला आमच्या कॉम्प्युटरचा माउस. खाली गोळी असलेला, जाडजूड, पिवळा पडलेला. "ह्यो तुझ्यापाशी ठेव," आबा म्हणाले, "म्हंजी मागं कोन तुझ्या गावाला हात लावायचं न्हाई." आई शेजारी उभी होती आणि तिचं नेहमीचंच चाललं होतं, "आधी जेव, मग काळजी कर." मी पहिल्या नोकरीला बंगळुरूला निघाले होते. गाडी हलली आणि आईनं सांगितलेलं मी लगेच उलटं केलं, काळजी आधी सुरू केली. ती अजून थांबलेली नाही.

आबा म्हणत होते ते गाव म्हणजे आमचं न्हावरे नव्हे. ते गाव कॉम्प्युटरमध्ये होतं. शिरूरच्या एका कॅफेवाल्याला दुकान बंद करायचं होतं आणि घरच्या जागरण-गोंधळाच्या जेवणासाठी त्याला चांगला मेंढा हवा होता. आबांकडं मेंढा होता आणि दादाच्या शाळेत मास्तर सारखे म्हणायचे की आता घरात कॉम्प्युटर पाहिजे. सौदा तिथंच ठरला. आबांनी तो कॉम्प्युटर घोंगडीत बांधून एसटीनं आणला, कंडक्टरशी भांडून. दादानं त्यावर दोन दिवस टायपिंग केलं आणि नंतर ढुंकून बघितलं नाही. कॅफेत येणाऱ्या पोरांनी त्यात एक लढाईचा गेम ठेवला होता. त्याचं इंग्रजी नाव आमच्यापैकी कुणाला धड म्हणता यायचं नाही, म्हणून आम्ही त्याला 'गावाचा गेम' म्हणायचो.

सुरुवातीला पडद्यावर सगळा अंधार असायचा. मधोमध एक मोठं घर, तीन माणसं, एक घोडेस्वार आणि चार मेंढरं. घोडेस्वार जिकडं जाईल तिकडचा अंधार हटायचा आणि नदी, झाडं, दगडाची खाण असं काय काय दिसायला लागायचं. पहिल्या दिवशी आबा माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी खेळाच्या रीतीप्रमाणं मेंढरं घराजवळ आणली आणि कापायला घेतली, कारण माणसांना खायला तेच होतं. आबांना ते बघवेना.

"आल्या आल्या मेंढरंच कापायची? आन् उद्या काय खायचं? मेंढरं मोडून कुठं संसार व्हतो व्हय?"

आमच्या आजोबांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालून ते कोकणाकडं उतरायचे. कालव्याच्या चारीला पाणी आलं तेव्हा आबांनी ऊस आणि कांदा लावला आणि ते शेतकरी झाले, पण दहा-बारा मेंढरं त्यांनी ठेवलीच. त्यामुळं आमच्या घरात एक नियम झाला. गेम खेळायचा, पण मेंढरं न कापता. मी ती चारही मेंढरं घरामागं नेऊन ठेवायची आणि माणसांना झुडपांची फळं तोडायला, नदीत मासे धरायला लावायची. त्यात इतका वेळ जायचा की शत्रू यायचा तेव्हा माझ्याकडं एकसुद्धा सैनिक तयार नसायचा. मी कितीदा हरले, मोजलं नाही. दादा म्हणायचा, "ती मेंढरं काय आता सासरी घेऊन जाणार हायस?" लाइट जायची ती वेगळीच. पण पुढं पुढं मी जिंकायला लागले, मेंढरांसकट.

आबांना लढाईत रस नव्हता. त्यांना घोडेस्वार आवडायचा. बिऱ्हाड हलवायच्या आधी एक जण पुढं जाऊन चारा-पाणी बघून यायचा, मगच मेंढरं हलायची, असं ते सांगायचे. आजोबांच्या वेळी ते काम आबांचं होतं. म्हणून पडद्यावर मी घाईनं घर बांधायला घेतलं की मागून आवाज यायचा, "आधी बघून तर ये." एकदा मी नदीच्या उताराजवळ एक माणूस नेऊन ठेवला आणि तिथंच सोडून दिला. आबांनी बराच वेळ त्याच्याकडं बघितलं.

"ह्यो गप का उभा हाय? ह्याला काम न्हाई व्हय?"

मी सांगितलं, "आबा, तो हलला की तिथं अंधार पडतो. तो नुसता उभा आहे ना, तोवर मला तिथलं दिसतं."

आबा "हां" म्हणाले आणि वैरण टाकायला गेले. मी ते विसरून गेले.

आता मी नेदरलँड्समध्ये आयंडहोवनला राहते आणि मशिनींचं सॉफ्टवेअर लिहिते. तो माउस इथं टेबलावर आहे, कशालाच जोडता येत नाही तरी. अजून मी असले गेम खेळते, आणि माझी मतं कुणाला पटत नाहीत. आजकालचे गेम माणसाला भिऊच देत नाहीत. कुठं काय आहे त्याचे बाण दाखवतात, कोपऱ्यात एक सल्लागार बसवतात, चूक झाली की मागं नेतात. आळीपाळीनं डाव टाकायचे जे गेम असतात, त्यात तर तुम्ही चहा करून आलात तरी शत्रू हात जोडून थांबलेला असतो. असा शत्रू मी तरी कुठं बघितलेला नाही. मोबाइलवरचे त्याहून वाईट, तुम्ही झोपल्यावर गाव लुटतात आणि सकाळी तक्रार पाठवतात. माझ्या मते चांगला गेम लढाईवर ठरत नाही. तुम्ही कुठं बघितलं नाही आणि तिथून काय आलं, यावर ठरतो. तुम्ही गावी राहिलेले म्हणाल, हिला काय, एसीत बसून गोष्टी सुचतात. आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले मनात म्हणतील, खरं आहे.

कारण आपण सगळे तेच करतोय, लांब बसून गाव बघतोय. आई गेल्यापासून आबा शेतावरच्या घरात एकटे असतात. दादा दौंडला, नोकरी तिथं, फ्लॅट तिथं, रविवारी येतो. मागच्या पावसाळ्यानंतर शेजारच्या उसात बिबट्या आला आणि त्यानं बांधावरून कुत्रं उचललं, तेव्हा दादानं शेतावर तीन कॅमेरे बसवले आणि माझ्या फोनमध्ये ते जोडून दिले. त्या दिवसापासून मी आपलं घर वरून बघते. मेंढरांचा गोठा, विहिरीचा कट्टा, घराचा दरवाजा, आणि एवढ्या जागेत हिंडणारे अंगठ्याएवढे आबा. ते चौकटीबाहेर गेले की परत दिसेपर्यंत मी फोन खाली ठेवत नाही. तिकडं ऊस आहे, आणि उसात काय आहे ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

थंडीत इथं दुपारची जेवणाची सुट्टी होते तेव्हा न्हावऱ्यात दिवस मावळत असतो. रोज डबा पुढ्यात ठेवून मी फोन उघडायची. डिसेंबरात माझ्या लक्षात आलं की आबा रोज त्याच वेळी गोठ्यासमोरच्या कडुलिंबाखाली येतात आणि काठी खांद्यावर टाकून उभे राहतात. वैरण नाही, पाणी नाही, काही नाही. नुसते उभे, वीस-पंचवीस मिनिटं. मग घरात जातात. पहिले दोन-चार दिवस मला बरं वाटलं, आयतं दर्शन होतंय म्हणून. नंतर भीती वाटायला लागली. इंटरनेटवर वाचलं, आणि ते वाचायला नको होतं. म्हातारी माणसं ठरावीक जागी जाऊन उभी राहतात, कशाला आलो ते त्यांना आठवत नाही, असं सगळं तिथं होतं. मीटिंगमध्ये लोक माझ्याशी बोलायचे आणि मला कडुलिंब दिसत असायचा.

मी दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "शेजारचे आप्पा बी म्हनत व्हते, तुमचे आबा सांजच्याला खुळ्यावानी उभं ऱ्हात्यात." त्यानं सगळं ठरवूनच ठेवलं होतं. येत्या बाजाराला मेंढरं विकायची, घराला कुलूप लावायचं आणि आबांना दौंडला न्यायचं, कारण मेंढरं आहेत तोवर ते हलणार नाहीत. फक्त मी हो म्हणायचं बाकी होतं. आबा दादाचं ऐकत नाहीत, माझं ऐकतात.

मी हो म्हणाले. पडद्यावरची चार मेंढरं वाचवायला वर्षानुवर्षं हरत राहिलेली मी, खरी बारा मेंढरं एका फोनवर मोडायला तयार झाले. फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली, आणि तरी मी म्हणत राहिले की जीव महत्त्वाचा. ते खोटंही नव्हतं.

बाजाराला दोन दिवस होते. आबांना विक्रीचं मीच सांगायचं, असं ठरलं होतं. सुट्टी झाली, मी फोन उघडला, आबा कडुलिंबाखाली उभे होतेच. ते फोन कधी जवळ ठेवत नाहीत, तो घरात चार्जिंगला असतो. पण कॅमेऱ्यातून बोलताही येतं, असं दादानं दाखवलं होतं. मेंढरं बुजतील म्हणून मी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बटण दाबलं.

"आबा."

मेंढरं बुजली, आबा नाही. त्यांनी कॅमेऱ्याच्या खांबाकडं मान वर केली. "बोल की."

"रोज असं का उभं राहता? काही हरवलंय का? आठवत नाहीये का काही?"

"मला काय हरवायचंय?" आबा म्हणाले. "तूच म्हनली व्हतीस न्हवं, मानूस हलला की तिथं अंधार पडतो. दादा म्हनला, जेवनाच्या सुट्टीत बघती ती. म्हनून उभा ऱ्हातो." मग त्यांनी काठी खांद्यावरून खाली घेतली आणि जरा सरळ झाले. "दिसतो न्हवं नीट?"

"दिसता," मी म्हणाले. मी रडत होते. इतक्या वर्षांपूर्वीचं एक वाक्य, मीसुद्धा विसरलेलं, ह्या माणसानं जपून ठेवलं होतं आणि मी त्याच्याच डोक्याची शंका घेत बसले होते.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि रडणं जागीच थांबलं. दिवस मावळायची वेळ ही बिबट्याची वेळ. ऊस वीस पावलांवर. आणि आबा रोज नेमके त्याच वेळी उघड्यावर उभे, कारण मी बघत होते. मी बघितलं नसतं तर ते दिवे लागायच्या आत घरात गेले असते.

"आबा, उद्यापासून उभं राहायचं नाही," मी म्हणाले. "उजेड आहे तोवर घरात जायचं. मला नाही दिसलं तरी चालेल."

"आसं कसं चालंल? गेममदी कुठं चालत व्हतं?"

मग मी त्यांना त्या खेळातली राहिलेली गोष्ट सांगितली. एकदा बघितलेली जागा परत पहिल्यासारखी काळी होत नाही. माणूस तिथून निघून गेला तरी घर दिसतं, झाड दिसतं, नदी दिसते, जरा धुरकट. फक्त तिथं आता कोण हिंडतंय, ते दिसत नाही.

आबांनी विचार केला. "मंग तेवढं पुरं हाय का तुला?"

"पुरं नाही," मी म्हणाले. "पण चालेल."

त्याच संध्याकाळी मी दादाला फोन केला आणि माझा होकार मागं घेतला. तो चिडला, आणि त्याचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. "तू लांब ऱ्हाऊन सोपं बोलतीस," म्हणाला. शेवटी मेंढरं राहिली, गोठ्याला वरपर्यंत लोखंडी जाळी मारायची ठरली, आणि दादा रविवारबरोबर बुधवारीही जायला लागला. बिबट्या उसात आहे की गेला, कुणाला माहीत नाही. आबांचं वयही कुठं थांबणार आहे? माझी काळजी जिथल्या तिथं आहे. इथं कुणी मला घर कुठं विचारलं की मी पूर्वी न्हावरे म्हणायची, मग काही वर्षं आयंडहोवन म्हणत होते. आता विचाराल तर घर म्हणजे ती धुरकट जागा. तिथलं झाड न् झाड मला माहीत आहे, आणि ह्या घटकेला तिथं काय चाललंय ते मला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सवयीनं फोन उघडला गेला. दिवस मावळायला आला होता, पण उजेड अजून होता. आबा कडुलिंबाखाली एक लाकडी मेढ ठोकत होते. ठोकून झाल्यावर त्यांनी तिला आडवी काठी बांधली, मी इथून पाठवलेलं आणि त्यांनी एकदाही न घातलेलं निळं जॅकेट तिच्यावर चढवलं आणि वर गाडगं पालथं घालून त्याला आपला जुना पटका गुंडाळला. बुजगावणं कॅमेऱ्याकडं तोंड करून नीट उभं राहिलंय ना, हे त्यांनी दोनदा मागं सरकून बघितलं. मग आबा खांबाखाली आले.

"ह्यो हलायचा न्हाई," म्हणाले, "आन् ह्याला बिबट्या बी खात न्हाई. तू जेव आता."

ते चौकटीबाहेर गेले. दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मी फोन पालथा ठेवला आणि जेवले.