शिलाई मशीन, जोंधळा आणि गंगाखेडचा रस्ता

पाठीवर जड सॅक घेऊन सायकल चालवणारा माणूस दिसला की मला त्याला थांबवावंसं वाटतं. मी रोज परभणीहून पिंगळीच्या शाळेत शिकवायला सायकलनं जातो. वह्यांचे गठ्ठे, डबा, कधी खिचडीसाठी तेलाचा डबासुद्धा नेतो, पण पाठीवर काही घेत नाही. ओझं सायकलनं वाहावं, आपण फक्त पायडल मारावं. ह्या विषयावर मी इतका बोलतो की मी तोंड उघडलं की स्टाफरूममधले लोक चहाला निघून जातात. त्यामुळे बहिणीला शिलाई मशीन गंगाखेडला पोचवायची वेळ आली तेव्हा घरात कुणी ‘एसटीनं ने’ असं म्हणालंसुद्धा नाही.

एसटीनं मी लवकर पोचलो असतो. आणि मला लवकर पोचायचं नव्हतं.

सविता माझी धाकटी बहीण. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी तिचा नवरा कामावरून येऊन जेवायला बसला आणि ताटावरच गेला. त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी आमच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. मी, माझी बायको आणि सविता, तिघांनी मिळून ठरवलं की आईला जरा सुधारू द्यायची, मग सांगायचं. मी ट्रेनिंग आहे म्हणून घरातून निघालो आणि मेहुण्याला पोचवून आलो. संक्रांत तोंडावर आली तरी आमचं ते ‘मग’ काही आलं नव्हतं. सविताला आता शिवणकामावर घर चालवायचं होतं, म्हणून तिनं आईची हातानं फिरवायची मशीन मागवली होती. आईला वाटत होतं, लेकीला हौस आली.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी निघालो. सामान बांधायची माझी पद्धत सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना मी ताडपत्रीच्या पिशव्या शिवून घेतल्यात. जड वस्तू पिशवीत तळाशी, चाकाच्या आसापर्यंत खाली आली पाहिजे. ओझं वर राहिलं की सायकल झोकांड्या खाते. वरून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधायच्या; सुतळी वाटेत सैल पडते. मागच्या चाकात हवा टणक हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही बाजूंना वजन सारखं. डावीकडे मशीन गेली. उजवीकडे पासंग म्हणून काय घालावं, असा विचार करत होतो, तेवढ्यात आईनं तोंड शिवलेलं पोतडं पुढं केलं.

"सवीच्या संक्रांतीचं वाण हाय. जोंधळा, गुळाची ढेप अन् तीळ. बांगड्या अन् हळदी-कुंकू जोंधळ्यात मधोमध घातलंय, फुटायचं न्हाई. हिरव्या हायत, जावयाला आवडत्यात."

आमच्याकडे काचेची वस्तू धान्यातच पाठवतात. दाभणानं तोंड इतकं घट्ट शिवलं होतं की बोट जात नव्हतं. मी बायकोकडं पाहिलं, ती आत निघून गेली. मी पोतडं उजव्या पिशवीत घातलं. तोल अगदी काट्यावर आला.

वाटेत कुठंतरी ते ठेवून द्यायचं, असं मनाशी ठरवून मी सिंगणापूर फाटा ओलांडला. थंडी होती, हात हँडलला चिकटल्यासारखे झाले होते. हा रस्ता चाळीसेक किलोमीटरचा आणि बराचसा सरळ आहे, चढ नावालाच. उसाच्या जोड-ट्रॉल्यांपासून मात्र जपून राहा. पुढची ट्रॉली गेली म्हणून आत वळाल तर मागची अंगावर येते. पोखर्णीला रस्त्याकडेला भजी चांगली मिळतात म्हणे. मी घेतली, दोन खाल्ली आणि बाकीची कुत्र्याला घातली.

दैठण्याला एका टपरीवजा हॉटेलात चहाला थांबलो. एक नवरा-बायको ते चालवत होते. चहा गोड मिट्ट होता. मी पोतडं उतरवून म्हणालो, "हे ठेवून घ्या. पुढच्या आठवड्यात घेऊन जाईन."

पोतडं निघताच सायकल स्टँडसकट डावीकडे कलली. हॉटेलवाल्यानं धावत येऊन हँडल धरलं.

"सर, एका अंगाला एवढं वझं घिऊन कसं जाताल? पडताल की कुटंतरी. न्हाईतर ह्या बाजूला दोन धोंडे भरा."

"हाय काय ह्याच्यात?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"बहिणीचं संक्रांतीचं वाण," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

ती दोन पावलं मागं सरली. "नगं बाबा. लेकीच्या वाटणीचं वाण दुसऱ्याच्या घरी ठिवत नसत्यात. बहिणीच्या दारात धोंडे घिऊन जाताल का?"

मी पोतडं पुन्हा चढवलं. आपण शिकवतो, पोरांना विज्ञान सांगतो, आणि एक पोतडं रस्त्यात टाकायची हिंमत होत नाही, ह्याचा मला फार राग आला. चिडून मी इतक्या जोरात पायडल मारलं की गोदावरीच्या पुलावर येईपर्यंत कुठं थांबलो नाही. खाली पाणी हिरवट, संथ होतं. काठावर कुणाचं तरी दहाव्याचं चाललं होतं. तिथून पुढं मी सायकल हातात धरून चालत गेलो.

सविता दारातच उभी होती. गळा मोकळा, कपाळ मोकळं. मशीन पाहून तिला बरं वाटलं. तिनं चाक फिरवून पाहिलं, तेल घातलं. मी पोतडं कोपऱ्यात सरकवून वर माझा स्वेटर टाकला. पण मी हातपाय धुवून येईपर्यंत तिनं विळीनं शिवण कापली होती. संध्याकाळच्या भाकरीसाठी ती जोंधळा सुपात ओतत होती. दाण्यांबरोबर कागदात गुंडाळलेल्या बांगड्या सुपात आल्या आणि मागून कुंकवाची पुडी.

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"दादा, आई रोज सांजच्याला फोन करती. जावई जेवले का म्हणून इचारती. मी म्हणते, जेवले."

"अगं, तिची तब्येत..."

"माहीत हाय मला तिची तब्येत. मीच हो म्हणले हुते तवा. पर आता न्हाई होत. मला रडायचंय दादा. सासूपुढं रडावं तर त्यांचं लेकरू गेलंय, त्यांनाच धरावं लागतंय. तुज्यापुढं रडलं की तू सायकलीचं बोलायलास. मला माज्या आईपशी रडायचंय."

ती खरं बोलत होती. मी आल्यापासून ट्यूबच्या पट्ट्यांबद्दलच बोलत होतो. मी तिला शब्द दिला की घरी गेलो की सांगतो. तिनं बांगड्या पुन्हा कागदात गुंडाळल्या आणि मशीनच्या खणात ठेवल्या. परत ने म्हणाली नाही. फेकल्याही नाहीत.

रविवारी रिकामी सायकल घेऊन निघालो. ओझं नसलं की पिशव्यांत वारा भरतो, तेव्हा त्या घडी घालून बांधून टाका. एवढं सोडलं तर परतीचा रस्ता मला आठवत नाही. दैठण्याच्या हॉटेलासमोरून मान खाली घालून आलो.

घरी आई तुळशीपाशी उन्हात बसली होती. "वाण आवडलं का रं सवीला? जावई हुते का घरी?" तिनं विचारलं. बायको गोळ्यांचा डबा हातात घेऊन दारात उभी राहिली. मी आईजवळ खाली बसलो आणि सांगितलं. एका दमात, काही न लपवता. डॉक्टर म्हणाले होते तसं काहीच झालं नाही. ती छाती धरून पडली नाही, ओरडली नाही. फक्त तिचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला.

"कवा?" तिनं विचारलं.

"तुळशीच्या लग्नाच्या दिवशी."

ती वृंदावनाकडं बघत बसली. आमच्याकडे मयत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही; माहेरची भाकरी जाते, माहेरचं माणूस लेकीच्या तोंडात पहिला घास घालतं. त्या दिवशी मी गेलो होतो, पण भाकरी शेजारणीनं आणली होती. आईनं त्याबद्दल विचारलं असतं तर मी तेही सांगितलं असतं. तिनं विचारलं नाही.

"मी त्या दिवशी तुळशीचं लगीन लावलं," ती म्हणाली. "तुज्या बायकोनं पुरण केलतं. म्या दोनदा मागून घेतलं रं."