थोरल्याच्या कमरेचा पट्टा

बायको जाऊन चार महिने झाले. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितोय. शाळा चौथीपर्यंतची. चुकलं तर चुकलं.

आमचं घर म्हणजे वाजंत्र्यांचा ताफा. बाप सनई फुंकायचा, चुलता सूर धरायचा, थोरला भाऊ संबळ वाजवायचा आणि मी हलगी. लग्नसराईत जामखेडकडची गावं पायी हिंडायची, बायकापोरं घेऊन झाडाखाली उतरायचं. बापानं शिकवलं ते मारून. ठेका चुकला की वाजवायचं टिपरू घेऊन बोटांच्या पेरांवर हाणायचा. "हात हाय का खुरपं?" म्हणायचा. थोरल्यानं मधे पडून माझा मार कितीदा खाल्ला. तरी मला त्याचाच संबळ पाहिजे होता. हलगीवाल्याकडं कोण बघतं? गाव बघतं संबळाकडं.

आमच्यात एक रीत होती. नवरदेव पारावरून मांडवाकडं निघाला की हलगीनं चाल चढवत न्यायची, संबळानं ती धरायची. लोकांना ही झुंज लई आवडायची. संबळाची चाल तुटली तर तिथंच पट्टा सोडायचा आणि संबळ हलगीवाल्याच्या कमरेला बांधायचा. मग माघारी नाही. दोन सराया मी चढवत होतो आणि थोरला हसत हसत धरत होता.

दुष्काळाचं साल आलं. लग्नं कमी झाली, मधल्या दिवसांत आम्ही सगळे खडी फोडायला जायचो. तिथं थोरल्याच्या अंगठ्यावर हातोडा बसला. अंगठा पिकून वांग्यासारखा झाला. थोरली वहिनी बाळंतपणाला गेलेली, म्हणून एका लग्नाच्या दिवशी सकाळी माझ्या बायकोनंच त्याला हळद लावून फडकं बांधलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "अवं, भावजींला टिपरू धरवंना. आज चाल चढवू नगा. आठ दिस जाऊ द्या."

"बरं," म्हणालो.

पारापासून निघालो ते हळूच. पोरं ओरडायला लागली, "ए हलगी, जेवला न्हाईस का?"

"दुष्काळ हलगीत बी शिरला का रं?"

बाप सनईवरून डोळे वटारत होता. पण खोटं कशाला लिहू, लोकांसाठी किंवा बापासाठी नाही चढवली. थोरल्याच्या अंगठ्याचं फडकं ओलं झालेलं दिसलं आणि मला वाटलं, आज. आज नाही तर कधीच नाही. चढवली. त्यानं मान हलवून नको म्हणून खुणावलं. मी आणखी चढवली.

मारुतीच्या देवळापाशी त्याच्या हातातलं टिपरू उडालं आणि एका म्हातारीच्या पुढ्यात पडलं. लोक खदाखदा हसले. बापानं सनई तोंडातून काढली, थोरल्याचा पट्टा सोडला आणि माझ्या कमरेला आवळला. थोरल्याला म्हणाला, "तू बोचकी उचल."

अंगठा कायमचा वाकडा राहिला. वर्षभर त्यानं ताफ्याची बोचकी वाहिली, मग नागापूरला एका कारखान्यात झाडू मारायला लागला.

बायको भांडली नाही. पण मी संबळ बांधला की उठून जायची. पन्नास वर्षं. रस्त्यानं जाणारी माणसं माझा हात ऐकायला थांबायची, ती कधी थांबली नाही. शेवटी अंथरुणावरून एवढंच म्हणाली, "माझ्या मयताला तुमी वाजवू नका. भावजींला बोलवा."

तो आला. संबळ माझाच बांधला. वाकड्या अंगठ्यानं टिपरू जेमतेम धरलं. ठेका अडखळायचा, तशी तिरडी धरणारी पोरंही अडखळायची. बायको तिरडीवर, आणि मागनं चालताना मी त्याच्या चुका मोजत होतो. माझे हात शिवशिवत होते.

दहाव्याला पट्टा त्याच्यापुढं ठेवला. "तुझा हाय," म्हणालो.

त्यानं हात लावला नाही.

"आठ दिसांत बरा हुनार हुता अंगठा," म्हणाला. "येवढंच हुतं, लेका."

मग जेवला, हात धुतले आणि नागापूरच्या गाडीला बसला.