हैदराबादचं दार

चुडाव्याचे लिंबाजी फिटर दर महिन्याला पावशेर शेंदूर इकत घ्यायचे, अन् त्यांच्या घरात शेंदूर लावायचा एकबी देव नव्हता. भिंतीवर बुद्ध अन् बाबासाहेब, बास. किराणावाला दर बारीला इचारायचा, "फिटर, तुमच्यात देव न्हाईत, मग शेंदूर कुणाला?"

"दाराला," फिटर म्हणायचे. "तुमचं वाजत आसंल तर सांगा, बसवून देतो."

मी पहिल्यांदा गेलो तवा त्यांच्या वट्यावर एक गोल लोखंड शेंदूर लावून उभं केलेलं. म्या चप्पल काढली, हात जोडले, डोळे बी मिटले. उघडले तर फिटर समोर.

"इंजनाचं झाकण हाय ते," म्हणले. "पण पावलं तर सांग."

गेलो कशापायी ते सांगतो. मी परभणीच्या एका वकीलसायबाच्या गाडीवर डायवर. गाडी विलायती, सायबाच्या वडलांच्या येळची, सायबाचा जीव तिच्यात. पोखर्णीला दर्शनाला गेलो तवा म्या दार उघडं ठेवून, मान भायेर काढून, गाडी रिव्हर्स घेतली. तिथं लिंबाचं झाड व्हतं. ते आधीपासून तिथंच व्हतं. दार गेलं.

जुन्या गाड्यांचे नवे पार्ट करून इकणारं एक दुकान हैदराबादला व्हतं. सायबानं मला तिकडं धाडलं. दुकानदार म्हणला, हुबेहूब वरिजनल. म्या दाराला टिचकी मारली, जाणकारावानी मान हलवली अन् घेतलं. आवाज कसा यायला पायजे ते मला ठावं नव्हतं. सायबाला खुश करावं म्हणून परभणीला आल्याबरोबर दाराला गाडीचा रंग मारून घेतला, अन् मग बसवायला गेलो. वर बोट जाईल एवढी फट, अन् खाली दार चौकटीत शिरंना. रंग मारलेला माल दुकानदार वापस घेत न्हाई. तसं पावतीवर लिवलेलं व्हतं. मला वाचता येत न्हाई, पण पावती म्या लय जपून ठेवली व्हती.

दार बसंना हे सायबाला कळायच्या आधीच ते कोर्टाच्या कामाला औरंगाबादला निघाले. जाताना म्हणाले, "सोपान, आठ दिवसांनी येतो. दार नीट बसलेलं दिसलं पाहिजे. नाही तर तू दुसरीकडं बघ."

मला गाडीबिगर दुसरं काईच येत न्हाई. अन् गाडी किती येते ते झाडानं बघितलं व्हतं.

कुणीतरी सांगितलं, चुडाव्याला रेल्वेतून रिटायर झालेले एक फिटर हायेत. दार टपावर बांधलं अन् निघालो. डायवरकडचंच दार नव्हतं, म्हणून रस्त्यानं लोक मला टाळूपासून तळव्यापर्यंत बघायलते.

फिटरनी दार उतरवलं, उन्हात उभं केलं, रंगावरून हात फिरवला.

"रंग कवा दिला?"

"बसवायच्या आधी."

"पोरगी बघायच्या आधी पत्रिका छापल्या म्हणायचं."

मग सुतळी घेऊन चौकट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजली, दुसऱ्या अंगाची बी मोजली. "गाडी तुझ्या बाजूनं दोन सूत खाली बसलीय," म्हणले.

"कशानं, मामा?"

"किती वर्सं चालवतूस?"

"चौदा."

त्यांनी मला एकदा वरून खाली बघितलं. "जेवण?"

"दोन टाइम."

"मग त्यानंच." असं म्हणून ते शेंदूर कालवायला बसले. "हे बघ डायवर. हैदराबादवाल्यानं दार नव्या गाडीच्या मापानं केलं. ही नवी राह्यली न्हाई. दार बी चुकलं न्हाई, चौकट बी चुकली न्हाई. दोघांची वळखच न्हाई."

शेंदूर तेलात कालवायचा, चौकटीला लावायचा, वरून दार दाबायचं. दाराला जिथं लाल लागलं तिथं ते घासतंय. तिथं कानस मारायची. मग पुसायचं अन् पुन्यांदा. असं सहा दिवस. बोल्ट सगळे ढिले. एकदा मदत करावी म्हणून म्या गुमान एक बोल्ट आवळला. दार तिरकं झालं, खालच्या कोपऱ्याचा रंग उडाला, अर्धा दिवस गेला. फिटर चिडले न्हाईत. "आवळू नको," म्हणले. "आजून बोलणी चालू हायेत."

पहिल्या दिवशी मावशीनं, म्हंजे फिटरच्या मालकिणीनं, चहा आणला. नामांतराचे दिवस. बाजारात माणसं एकमेकाला बघून गप व्हायची. म्या म्हणलं, मला चहानं पित्त व्हतंय.

"ठेव तिथं," फिटर मावशीला म्हणले. "पित्त उतरलं का पील."

तिसऱ्या दिवशी उतरलं. मग दोन-दोन कप उतरायला लागलं.

सहाव्या दिवशी त्यांनी पेपराची एक पट्टी फाडली, दारात धरून दार लावलं अन् पट्टी ओढली. चारी अंगाला पट्टी सारखीच अडकली. मग बोल्ट आवळले, उडालेल्या जागी रंग लावला. "आता एका बोटानं लाव," म्हणले. म्या लावलं. कप झालं, अन् बास.

रस्त्यानं दार हलतंय का ते बघायला फिटर माझ्याबरोबर परभणीला आले. बंगल्यावर गेलो तर साहेब आधीच आलेले. वसरीवर त्यांचे दोन पाव्हणे नामांतराच्या इरोधात मोठ्यानं बोलायलते. सायबानं दार उघडलं, लावलं, पुन्यांदा उघडलं. चेहरा असा झाला जसे वडीलच गाडीतून उतरले.

"सोपान, कुणाचं काम हे?"

फिटर माझ्या शेजारी उभे, हातात कानशीची पिशवी. खरं सांगावं तर दार चुकीचं आणलं अन् बसवायच्या आधी रंगवलं, हे बी सांगावं लागतंय. नोकरी जातीय. अन् पाव्हणे आमच्याकडंच बघायलते.

"हैदराबादचं, साहेब," म्या म्हणलं. "वरिजनल. नुसतं टेकवलं अन् बसलं."

"आणि हे कोण?"

"हे... स्टेशनला चाललेत. वाटंत घेतलं."

फिटरना म्या गाडीनं स्टेशनला सोडलं. उतरल्यावर म्या म्हणलं, "मामा, नोकरीचं व्हतं."

"राह्यली ना?"

"राह्यली."

"मग हैदराबादवाल्याला कळव. बरं वाटंल त्याला." पिशवी खांद्याला अडकवली. दोन पावलं गेले अन् वापस आले. "खालच्या बिजागरीला महिन्यानं तेल दे." अन् गेले.

तेल म्या देत राह्यलो. चुडाव्याला जाईन जाईन म्हणत राह्यलो. गेलो न्हाई.

विद्यापीठाच्या नावाचं एकदाचं झालं त्या साली फिटर गेले. मला तिसऱ्या दिवशी कळलं. जाऊन मावशीला भेटलो, अन् वापस आलो ते सरळ सायबाकडं. साहेब आता थकलेले, काठी घेऊन वसरीवर बसायचे.

"साहेब," म्या म्हणलं, "गाडीचं दार नुसतं टेकवलं अन् बसलं न्हाई. चुडाव्याच्या लिंबाजी फिटरनी सहा दिवस कानस मारून बसवलं. मी खोटं बोललो. आता कामावरनं काढायचं तर काढा."

"कोण लिंबाजी?"

"त्या दिवशी माझ्याजवळ उभे व्हते ते."

साहेब लय येळ आठवत बसले. "ते तर स्टेशनला चालले होते," म्हणाले.

"न्हाई साहेब, दार त्यांनीच..."

"सोपान, तुझं वय झालं. मी आजवर दहा जणांना त्या दुकानाचा पत्ता दिलाय." काठी टेकत उठले, गाडीपाशी गेले, दार उघडलं अन् माझ्यादेखत हळूच लावलं.

"बघ," म्हणाले. "वरिजनल असंच बसतं."