काकडांशिवाय शेवळं

शेवळं ही रानभाजी घशाला खाजते. ती खाज मोडायला काकडं लागतात, आवळ्याएवढी हिरवी आंबट रानफळं. आमच्या घरी शेवळं कधीच एकटी शिजली नाहीत. ठाणे स्टेशनबाहेर बसणारी, टिटवाळ्यापलीकडच्या पाड्यावरची भाजीवाली न मागता प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं टाकायची.

यंदा अवकाळी पाऊस झाला आणि शेवळं मेच्या सुरुवातीलाच जमिनीतून वर आली. तिने जुडी दिली. मी काकडांसाठी हात पुढे करून उभीच राहिले.

"काकडं न्हाय बाय. झाडंच न्हाय राहिली, रस्त्यात गेली."

मला रागच आला. घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईने कशावर रागवावं? आमच्या इमारतीच्या जागीही जंगलच होतं. तरी घरी येऊन हट्टाने भाजी केली, अंदाजाने चिंच घालून. पहिल्याच घासाला जीभ, घसा, ओठ पेटले. कढईची कढई ओतून दिली.

पुढच्या आठवड्यात मी तिच्याशी भांडायलाच गेले. खाजणार हे ठाऊक होतं, तर विकलीस कशाला?

जुड्यांवर पाणी शिंपडत ती म्हणाली, "आम्ही खायची सोडली बाय. तुम्ही मागता म्हणून आणते."

मी आणखी एक जुडी घेतली. ती टेबलावर पडून पडून सुकली. हे काय आहे, असं घरात कोणी विचारलंसुद्धा नाही.