भाऊची सोयीची जागा

हॉटेलात शिरण्याआधी भाऊ पायऱ्या मोजायचा. मनात नाही, तोंडाने. "एक, दोन, तीन. तीन आईला जमतील." पाच असल्या तर मालकाने हात जोडले तरी तो आत यायचा नाही. पायऱ्या झाल्या की हात धुवायचं बेसिन, मग संडास बसायचा की कमोडचा, मग खुर्च्यांना हात आहेत की नाहीत, मग दोन गाड्या सावलीत उभ्या राहतील का. सगळं बघून झालं की मान हलवून म्हणायचा, "जागा चांगली आहे. सगळ्यांना सोयीची आहे." माझा हा मोठा भाऊ वजनमापे खात्यात निरीक्षक होता. आयुष्यभर त्याने दुकानदारांचे तराजू तपासले. हॉटेलही तसंच तपासायचा. जेवणाकडे त्याचं लक्ष सगळ्यात शेवटी जायचं.

दर डिसेंबरात, मुलांना सुट्टी लागली की भाऊ आईला आणि घरच्यांना गाडीत घालून डोंबिवलीहून वापीला ताईकडे जायचा. धाकट्या भावाची गाडी मागे. वाटेत वसई लागते. वसईत मी राहते. दोन दिवस आधी भाऊचा फोन यायचा. "नंदू, रविवारी निघतोय. फाट्याच्या पुढे डाव्या हाताला एक हॉटेल आहे. उजव्या हाताचं नको, वळसा पडतो. साडेबाराला ये. तुला काय, जवळच आहे."

जवळ! मी किल्ल्यापाशी पाचूबंदरात राहते. तिथून हायवेला यायचं म्हणजे वसई गाव, माणिकपूर, स्टेशनची गर्दी, सगळं ओलांडून तासभर. पण "सगळ्यांना सोयीची" या हिशेबात मी कधी धरलेलीच नव्हते. त्यातून गंमत अशी की हायवेवरची हॉटेलं हा माझा धंदा. पाटी डोक्यावर घेऊन माणिकपुरात मासळी विकण्यापासून सुरुवात केली, नंतर बंदरावर लिलावात उभी राहिले, आणि आज माझे दोन टेम्पो बर्फात मासळी घालून तीसेक हॉटेलांना माल पोचवतात. कुणाचं तेल किती वेळा तळून काळं झालंय, कुणाच्या टाकीवर झाकण नाही, हे मला मागच्या दाराने दिसतं. इतक्या वर्षांत भाऊने एकदाही विचारलं नाही, की नंदू, तुझ्या माहितीतलं चांगलं हॉटेल कोणतं?

कारण त्याला चांगलं हॉटेल नकोच होतं. त्याला हायवेवरचं हॉटेल हवं होतं.

आमचं माहेर सोवळ्याचं. मी सायमनशी लग्न केलं तेव्हा आई एकच वाक्य बोलली, "तिच्या घरी मी पाणी पिणार नाही." कोळ्याचं घर, त्यातून ख्रिस्ती. चार वर्षं मला कुणाचा फोन नव्हता. पाचव्या वर्षी भाऊने ही हॉटेलची युक्ती काढली. आईने माझ्या घरी यायचं नाही, मी तिच्या घरी जायचं नाही, मधल्या जागी बसून इडली खायची. तिथे आईला कुणी विचारणार नाही की लेकीकडे का उतरला नाहीत. उत्तर तयार होतं. अहो, वाटेतच भेटतो, सगळ्यांना सोयीचं पडतं.

मी हे मान्य करते की टेबलावर भाऊइतका प्रेमळ माणूस नव्हता. अर्धा तास आधी पोचायचा आणि आईच्या शेजारच्या खुर्चीवर आपला घडी केलेला रुमाल टाकून ठेवायचा. ती खुर्ची माझी. दुसरं कुणी बसायला लागलं की म्हणायचा, "उठ, तिथे वजन ठेवलंय." वेटर मेन्यूकार्ड घेऊन आला की ते बाजूला सारायचा. "ते राहू दे. आज काय नाही ते आधी सांग." वेटर गोंधळायचे. एकजण म्हणाला, "साहेब, सगळं आहे." भाऊ म्हणाला, "ज्याच्याकडे सगळं आहे त्याच्याकडे ताजं काही नसतं." यावर आईसुद्धा हसली. आईला हसताना मी वर्षातून एकदा बघायचे, ती अशी, हॉटेलात.

आई स्वतःची पाण्याची बाटली आणायची. माझ्या हातचा ग्लास तिने कधी घेतला नाही. नाताळ जवळ असायचा, म्हणून मी घरी केलेल्या करंज्या डब्यात घालून न्यायचे. तुपातल्या, ओल्या नारळाच्या, आईच्याच पद्धतीच्या. आई डब्याकडे न बघता म्हणायची, "ठेव. गाडीत खाऊ." पुढच्या वर्षी भाऊ तो डबा घासूनपुसून परत आणायचा. "संपल्या गं. एक उरली नाही." वर्षभर मी त्या एका वाक्यावर जगायचे. मला वाटायचं, गाडीत का होईना, आई खाते.

मग मी घर बांधलं. जुनं कौलारू पाडून दुमजली. पायऱ्यांवरून माझं गवंड्याशी कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, "बाय, इथे उधाणाचं पानी येते. पाच पायऱ्या घे." मी म्हटलं, दोन. तो म्हणाला, घरात पाणी शिरेल. मी म्हटलं, शिरू दे, दोनच कर. त्याला कारण सांगितलं नाही. आईचे गुडघे तोवर अगदी गेले होते.

घर आशीर्वादित करायला फादर यायचे होते त्याच्या दुसऱ्या दिवशीचं जेवण मी माहेरासाठी ठेवलं. रविवार धरूनच ठेवलं, ते वापीला निघतात तो. नवी शेगडी, नवी भांडी, त्यांना कधी मासळी लागलेली नाही. वसई गावातून शाकाहारी स्वयंपाक करणाऱ्या बाई बोलावल्या. सगळ्यांना फोन केले. सगळे "बघू" म्हणाले. शनिवारी संध्याकाळी भाऊचा फोन. "नंदू, फाट्याच्या पुढे नवीन हॉटेल झालंय. एकच पायरी. सगळ्यांना सोयीचं आहे."

मी गेले. जेवायला नाही, त्यांना आणायला. नाताळचा डबा तेवढा सवयीने हातात होता.

"घरी अकरा जणांचं जेवण झाकून आलेय मी," मी उभ्यानेच म्हटलं. "चला."

"बस तरी आधी," भाऊ म्हणाला. रुमाल खुर्चीवर होता.

"बसायला नाही आले. दोन पायऱ्या आहेत, भाऊ. मोजून घे चल."

"नंदू, लोक बघतायत."

"बघू देत! आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासलेस ना? आज हा तपास. एका पारड्यात तुझी ही सोय ठेव आणि दुसऱ्यात मला."

भाऊने खुर्चीवरचा रुमाल सरळ केला. आईने आपल्या बाटलीचं झाकण उघडलं, दोन घोट पाणी प्यायली आणि म्हणाली, "डोसे गार होतायत."

मी डबा टेबलावर आपटला आणि निघाले. अकरा जणांचं जेवण त्या दिवशी आमच्या गल्लीने खाल्लं. पुढची आठ वर्षं मी फाट्यावर गेले नाही. मधल्या काळात आई गेली. मी डोंबिवलीला गेले, दारात उभी राहिले, परत आले. भाऊशी एक शब्द बोलले नाही.

मी लिलावात तयार झालेली बाई आहे. बंदरावर कुणी पहिला भाव बोलला की तो भाव नसतो, ती सुरुवात असते. तुम्ही नाक मुरडायचं, पाठ फिरवायची, चार पावलं चालायची, मग खरा भाव येतो. आईचा नकार हा पहिला भाव होता. कुणीतरी घासाघीस करायला हवी होती. एकदा, दोनदा, दहादा. "आई, मी गाडी आत वळवतोय, तू खाली उतरू नकोस हवं तर," एवढं जरी भाऊ बोलला असता तरी त्या म्हातारीला निदान ठरवावं लागलं असतं. भाऊने तो पहिलाच भाव शिक्का मारून पक्का केला. वर खुर्च्या, सावली आणि बेसिन बघून दिलं. माझा अपमान त्याने इतका सोयीचा करून ठेवला, की तो करायला कुणाला काही कष्टच पडेनात.

आठ वर्षांनी, एका दुपारी, मी दारात बसून टेम्पोवाल्याला शिव्या घालत होते तेव्हा तो समोर उभा. एकटा. निवृत्त झालेला, शर्ट खांद्यावर ढिला. हातात माझा डबा. घासूनपुसून लख्ख.

"हा राहिला होता," म्हणाला.

मी डबा घेतला. त्याने ओट्याकडे पाहिलं, बर्फाच्या खोक्यांकडे पाहिलं. आतून कालवणाचा वास येत होता. "भूक लागलीय गं नंदू."

आता हे लिहिताना मला माझं तोंड शिवून टाकावंसं वाटतं. पण तेव्हा आठ वर्षं साठलेलं होतं आणि माझी जीभ बाजारात धार लावलेली. मी म्हटलं, "मग रस्ता चुकलास. जेवायची सोय फाट्यावर आहे. डाव्या हाताला."

तो रागावला नाही. वळला नाही. "पाणी मिळेल?"

पाणी दिलं. आमच्या घरातला ग्लास, आमच्या माठातलं पाणी. त्याने उभ्यानेच सगळं संपवलं, ग्लास उपडा करून ठेवला. मग पायऱ्या उतरला आणि खाली उभा राहून मागे वळून बघायला लागला. मला वाटलं काही विसरला.

"दोनच आहेत," तो म्हणाला. पुन्हा एकदा मोजल्या आणि म्हणाला, "आईला जमल्या असत्या गं."

"आता सांगतोस?" मी ओरडले. तो गेला. रिक्षा मिळेपर्यंत उन्हात उभा होता, ते मी आतून बघितलं.

संध्याकाळी सायमनला सांगितलं. कधी आवाज न चढवणारा माझा नवरा जाळं विणायचं थांबला. "भावाला उपाशी घालवलास? आपल्या घरातून दुश्मनपन उपाशी जात नाय, नंदा."

दोन महिन्यांत भाऊ गेला. हृदयाचा झटका, साखर तर वीस वर्षांची. दिवसांना मी डोंबिवलीला गेले. भाऊचा मुलगा निखिल मला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि सहज बोलून गेला, "आत्या, तुमच्या करंज्यांवरून आई-बाबांची दरवर्षी भांडणं व्हायची."

"का? आवडायच्या नाहीत?"

"तसं नाही. आजी डब्याला हात लावायची नाही, आईलाही लावू द्यायची नाही. मग बाबा मनोरच्या पुढे गाडी थांबवायचे आणि एकटेच उभे राहून सगळ्या खायचे. आई ओरडायची, अहो साखर वाढेल, टाकून द्या. ते म्हणायचे, डबा रिकामाच परत द्यायचाय, पण टाकून नाही."

जिन्यात मी हिशेब केला. वर्षाला पंचवीस करंज्या. शेवटच्या वर्षीच्याही, त्या आपटलेल्या डब्यातल्या, चुरा झालेल्या. पुष्कळांना ही गोष्ट ऐकून रडू येतं. मला पहिल्यांदा राग आला, आणि तो अजून आहे. माझ्या बाजूने एक वाक्य बोलायच्या ऐवजी या माणसाने करंज्या खाल्ल्या. जीव गेला तरी चालेल, पण गाडीत भांडण नको. अशा माणसावर प्रेम करणं म्हणजे कायम तोट्यातला सौदा, आणि मी तो अजून मोडलेला नाही.

परवा निखिलचा फोन आला. आता गाडी तो चालवतो. "आत्या, रविवारी सगळे वापीला निघालोय. तुम्ही या ना भेटायला. कुठे थांबू? तुम्हाला तिथली सगळी हॉटेलं माहीत आहेत, तुम्हीच सांगा."

शेवटी कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, "घरी या. दोनच पायऱ्या आहेत."

पलीकडे वहिनींशी काही बोलणं झालं. मग निखिल अगदी मनापासून म्हणाला, "आलो असतो आत्या, पण वसईतलं ट्रॅफिक तुम्हाला माहितीये. आत येऊन बाहेर पडायला दोन तास जातील. हायवेलाच काहीतरी सोयीचं बघू या का?"

त्याच्या मनात काही नव्हतं. ज्या बाईसाठी ही रीत पडली ती गेली, ज्याने पाडली तो गेला, रीत तेवढी राहिली. हा पहिला भाव होता. चार पावलं चालायला हवी होती, पाठ फिरवायला हवी होती. ज्या बाईने लिलावात पुरुषांना रडवलंय, तिने एकदाच "बाळा, दोन तास जाऊ देत" म्हणायला हवं होतं. पण तो नाही म्हणाला तर पुढल्या वर्षी फोनही यायचा नाही, एवढंच मला दिसलं. मी म्हटलं, "फाट्याच्या पुढे, डाव्या हाताला. तेल चांगलं वापरतात. साडेबारा."

रविवारी करंज्यांचा डबा घेऊन अर्धा तास आधी पोचले. आत जाण्याआधी पायऱ्या मोजल्या. चार होत्या, माझ्या घराच्या दुप्पट.