परडीच्या तळाशी

प्रत्येकाची वाट देवाने जन्माआधीच आखून ठेवलेली असते, असं आमची अव्वा म्हणते. आमच्या घरात आईला अव्वाच म्हणतात. माझी वाट आखताना देवाने खोडरबर बराच वापरला असावा. बारावीला विज्ञान घेतलं, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत गुण कमी पडले, म्हणून रुसून बी.ए.ला गेले. तीन वर्षं मेलेल्या राजांचा अभ्यास केला आणि पदवी हातात आल्यावर मला जिवंत माणसांची आठवण झाली. नियम पाहिले. बारावीला योग्य विषय असतील तर मधल्या बी.ए.ला कुणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती काकांची. "बी.ए. करून डॉक्टर? मग नाडी धरून सनावळ्या सांगणार का गं?" असं ते दर सणाला विचारत. पुन्हा परीक्षा दिली आणि अगदी शेवटच्या फेरीत सोलापुरातच जागा लागली. प्रवेशाच्या दिवशी पाचच्या आत मूळ कागद दाखवले नाहीत तर ती दुसऱ्याला जाणार होती.

तो सोमवार होता, त्यामुळे कागद आधी तळ्यातल्या सिद्धरामाच्या पायाशी लावायचे, हे अव्वाने ठरवूनच टाकलं होतं. मी देवाला मानत नव्हते असं नाही. आमचं बोलणं बंद होतं, इतकंच. आणि देवाला गुणपत्रिका दाखवण्यात मला अर्थ दिसत नव्हता, विशेषतः माझी. देवळाबाहेर एक फुलवाली डावा पाय लांब करून बसली होती. तिच्याकडून बेल-नारळाची परडी घेताना अव्वाने तिला माझा सगळा इतिहास ऐकवला : बी.ए. झालेली पोरगी, सरकारी मेडिकल कॉलेज, पाचच्या आत कागद. मी तळ्यातल्या पाण्याकडे बघत उभी राहिले. फुलवाली म्हणाली, "लई ब्येस. मग माजा गुडगा बघंल की तुमची डॉक्टरीण."

कॉलेजात आमची पाळी यायला साडेचार झाले. खिडकीतल्या बाईंनी फाइल दोनदा चाळली. "बी.ए.चं आहे, वक्तृत्वाचंसुद्धा आहे. बारावीची गुणपत्रिका कुठंय?" मी अव्वाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरलेला दिसला. गाभाऱ्यात नेताना तिने गुणपत्रिका परडीत बेलाखाली ठेवली होती. दर्शन झाल्यावर नारळ आणि प्रसाद तेवढा काढून घेतला आणि रीतीप्रमाणे परडी फुलवालीला परत केली होती. "थांब, आणते," म्हणून ती जिन्याकडे धावली.

त्या वेळी मी प्रार्थना केली, असं लिहायला मला आवडलं असतं. मी घड्याळ बघत होते. रांगेतली अठरा-अठरा वर्षांची मुलं एकेक करून पुढे सरकत होती. पावणेपाच वाजले तेव्हा लक्षात आलं, की आता आपल्या हातात करण्यासारखं काहीच उरलेलं नाही. काकांना काय सांगायचं, हेही सुचत नव्हतं. हात मांडीवर टाकून बाकावर बसले. कित्येक वर्षांत इतकं शांत वाटलं नव्हतं. 'तू बघ,' एवढं मनात म्हटलं. कुणाला म्हटलं, ते तेव्हा ठरवलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. "बी.ए. झालेली डॉक्टरीण कोन हाय हितं?" रांग हसली. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत फुलवाली वर येत होती. पुढच्या गिऱ्हाइकाची परडी भरताना तळाशी कागद लागला होता. वाचता येत नव्हतं, पण शिक्का बघून ओळखलं, कुठे जाते ते न सांगताच शेजारणीला दुकान सांभाळायला लावलं आणि निघाली. माझं नाव तिला माहीत नव्हतं. अव्वाच्या ज्या बढाईने मी शरमले होते, तिच्यातलं जे बी.ए. मी इतके दिवस लपवत आले होते, तेवढ्याच पत्त्यावर ती आली होती. बाईंनी गुणपत्रिकेवरची विभूती फुंकली, शिक्का मारला आणि खिडकी लावली. अव्वा रडत परत आली ती हे सांगायला, की फुलवाली जागेवर नाही.

"देवानंच धाडलं तुला," अव्वा तिचे हात धरून म्हणाली. फुलवाली म्हणाली, "कुटलं काय, आक्का. रिक्षानं आले." मी दोघींचंही खरं मानते. सगळं आपणच करतो हा माझा समज त्या बाकावर सुटला. आपण हात सोडल्यावरही कुणाचे तरी हात चालू असतात, हे कळलं आणि देवाशी माझं बोलणं पुन्हा सुरू झालं. आता दर सोमवारी देवळात जाते. आत जाण्याआधी फुलवालीच्या समोर बसते. ती लुगडं सावरून गुडघा पुढे करते आणि विचारते, "कुटवर आलं शिक्षन?"

पहिल्या वर्षी शरीर हातापासून शिकवायला घेतात. आम्ही सध्या कोपरापाशी आहोत. गुडघा दिवाळीनंतर आहे.